शाळेजवळच्या भिंतीवर चित्र काढायचंय? निधीचा अर्ज असा करा

अर्जाचा नमुना शोधायला बसण्याआधी भिंतीपाशी जा. सकाळी शाळा भरताना एकदा, दुपारी ऊन चढल्यावर एकदा आणि शाळा सुटताना एकदा. भित्तिचित्रासाठी पैसे मागायला निघालेले नवे कलाकार बहुतेक वेळा रंगीत स्केच घेऊन जातात. पैसे देणारा मात्र आधी भिंतीबद्दल विचारतो. ती कुणाची आहे? रंगवायची परवानगी कुणी दिली? चित्र झाल्यावर पुढची पाच वर्षं तिच्याकडे कोण बघणार? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर असली की निम्मा अर्ज तिथेच झाला.

हे मी ठेच लागून शिकले. माझा पहिला अर्ज एका प्राथमिक शाळेच्या रस्त्याकडच्या कुंपणभिंतीसाठी होता. स्केच नीट झालं होतं, चौथीच्या मुलांनी पत्रं लिहून दिली होती, आणि मुख्याध्यापकांनी तोंडी होकार दिला होता. छाननीत निघालं की भिंत शाळेची असली तरी तिचा अर्धा भाग शेजारच्या जागेत येतो. अर्ज परत आला, कागद जुळवण्यात वर्ष गेलं, आणि ज्या मुलांनी पत्रं लिहिली होती ती पाचवीला दुसऱ्या शाळेत निघून गेली. चित्र पुढे झालं, पण त्या मुलांसाठी झालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हा लेख कागदांपासून सुरू करते.

भिंत कुणाची, हे आधी

गावातली जिल्हा परिषदेची शाळा असेल तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा, म्हणजे गावातल्या मिळकतींच्या नोंदीचा कागद, मागा. शहरात मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड पाहा. जुन्या शाळांची जागा पुष्कळदा गावातल्याच कुणीतरी दिलेली असते आणि सातबाऱ्यावर अजून जुनंच नाव असतं. असं निघालं तर घाबरू नका, पण लपवूही नका. त्या घरच्या लोकांना भेटून एका पानाची संमती घ्या. आजोबांनी दिलेल्या जागेवर चित्र होतंय म्हटल्यावर ती माणसं स्वतःहून मदतीला उभी राहतात, असा माझा अनुभव आहे.

शाळेच्या आवारातल्या भिंतीसाठी सगळ्यात वजनदार कागद म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २१ प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. त्यामुळे समितीचा ठराव म्हणजे पालकांचा होकार. समितीच्या बैठकीला स्वतः जा, स्केच दाखवा, आई-वडिलांचं म्हणणं ऐका, आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत ठराव क्रमांकासह घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यानंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांचं ना हरकत पत्र लागतं. खासगी अनुदानित शाळा असेल तर संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव. दिलेल्या प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.

शाळेबाहेरची, रस्त्यालगतची भिंत असेल तर नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायतीची लेखी परवानगी हवीच. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा १९९५ चा कायदा आहे. हेतू कितीही चांगला असला तरी विनापरवाना रंगवलेली भिंत त्यात अडकू शकते. उड्डाणपुलाचे खांब, रेल्वेची हद्द, विजेच्या डीपीची पेटी यांच्या परवानग्या वेगळ्या खात्यांकडे असतात. पहिल्या कामासाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट भिंतीवर शोधा: तंबाखूबंदीचा फलक. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे आणि तसा फलक शाळेबाहेर असावा लागतो. तो चित्राखाली झाकला जाऊ नये. उलट, त्याला चित्रातच ठळक जागा दिलीत तर अर्जात त्याचा उल्लेख आवर्जून करा.

भिंतीची तब्येत

भिंतीवर तळहात टेकवून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटतोय. खालच्या दोन फुटांत मिठासारखा थर दिसला तर लोणा लागलाय, म्हणजे जमिनीतली ओल वर चढतेय. शंका असेल तर एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले असतील तर त्या भिंतीवर आत्ता रंग देऊ नका. आधी पन्हळ गळते का, पायाशी पाणी साचतं का, ते बघून दुरुस्त करून घ्या. नवं प्लास्टर असेल तर चार आठवडे पाणी मारून आणि सुकवून मगच प्रायमर.

ही तपासणी अर्जात लिहा. दुरुस्तीचा खर्च अंदाजपत्रकात दिसला की छाननी करणाऱ्याला विश्वास वाटतो, कारण पहिल्या पावसात पोपडे सुटलेली चित्रं त्यांनीही पाहिलेली असतात.

जुना रंग खरवडायचा असेल तर तो ओला करून, शाळेला सुट्टी असताना खरवडा आणि खाली प्लास्टिक अंथरा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. नवा रंग घेतानाही डब्यावर शिशाबद्दल काय छापलंय ते वाचून घ्या. ही ओळ मी प्रत्येक प्रस्तावात घालते आणि कामाच्या वेळी तंतोतंत पाळते.

आता गुडघ्यावर बसा. पहिलीतल्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असते. मोठ्यांच्या डोळ्यांना साजेसं चित्र आठ फुटांवर रंगवलं जातं आणि मुलांच्या वाट्याला खालचा पट्टा येतो. बारीक गमतीजमती, मुंग्यांची रांग, लपलेलं मांजर, मोजायच्या चिंचा, हे सगळं दोन ते चार फुटांच्या मध्ये हवं. अगदी खालचा एक फूट मात्र गडद ठेवा. तिथे पावसाचे शिंतोडे आणि बुटांचे डाग पडणारच. भिंत रस्त्याच्या पलीकडे असेल किंवा चित्र बघायला मुलांना रस्त्यावर उभं राहावं लागणार असेल, तर त्या बाजूला बारीक तपशील ठेवूच नका. मुलं चित्रापाशी थांबतात, आणि थांबायची जागा सुरक्षित असली पाहिजे.

पैसे कुठून येतात

शाळेजवळच्या चित्रासाठी असा ठरलेला एकच सरकारी अर्ज आपल्याकडे नाही. वाटा तीन-चार आहेत, आणि प्रत्येकीची भाषा निराळी आहे.

गावात सगळ्यात जवळची वाट ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी ग्रामसभेत ठरतो आणि त्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. शाळेच्या दुरुस्ती-रंगकामासोबत ‘बोलक्या भिंती’, म्हणजे मुलांना शिकवणारी भिंतीवरची चित्रं, आराखड्यात बसवता येतात का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) गणपतीच्या आधीच भेटून विचारा. आराखड्यात नाव नसेल तर मार्चमध्ये कितीही हेलपाटे घातले तरी उपयोग नसतो. शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं, पण ते पटानुसार ठरतं आणि वीजबिलापासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सगळं त्यातच भागवायचं असतं. त्यावर डोळा ठेवू नका. मुख्याध्यापकांनी प्रायमरपुरतं काही दिलं तर ते शाळेचा वाटा म्हणून अर्जात दाखवा. शाळेने थोडा तरी भार उचललाय, हे पैसे देणाऱ्याला आवडतं.

दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआर निधीची. कंपनी कायद्याच्या (२०१३) कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षणही आहे आणि कला-संस्कृतीही. इथे नव्या कलाकारांची एक गल्लत होते. अंमलबजावणी करणारी संस्था म्हणून सीएसआरचा पैसा एकट्या कलाकाराच्या खात्यात येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी लागते, तिची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते (ही अट १ एप्रिल २०२१ पासून आहे), आयकर खात्याची १२-ए आणि ८०-जी नोंदणी लागते, आणि कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्वानुभव लागतो. म्हणून स्वतःची संस्था काढायच्या फंदात न पडता तालुक्यातली शिक्षणात काम करणारी चांगली संस्था शोधा आणि तिच्यासोबत अर्ज करा. तुम्ही त्या प्रस्तावातले कलाकार. मानधन संस्था देईल. जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचा सीएसआर बघणारा माणूस एप्रिल ते जून या काळात भेटला तर बरं, कारण वर्षाचा कृती आराखडा त्याच सुमारास ठरत असतो.

कंपनी म्हणेल, भिंतीवर आमचं बोधचिन्ह मोठं हवं. नम्रपणे एक नियम दाखवा: मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून केलेलं प्रायोजन सीएसआर खर्चात धरलं जात नाही. कोपऱ्यात एक फूट लांब-रुंद जागेत सगळ्या मदतकर्त्यांची नावं, आणि बाकी भिंत मुलांची, असं मी पहिल्याच बैठकीत बोलून घेते. पुढाऱ्यांच्या नावांचंही तेच. आचारसंहिता लागली की राजकीय नावं झाकावी लागतात, आणि चित्रावर कागद चिकटवलेले बघताना जीव तुटतो.

रोटरी आणि लायन्सचे स्थानिक क्लब ही तिसरी वाट. रक्कम लहान असते, पण निर्णय लवकर होतो आणि कागद कमी लागतात. पहिल्या कामासाठी मी हीच वाट सुचवेन. एक लहान भिंत नीट पूर्ण केली, तिचे फोटो आणि हिशेब हातात आले, की पुढचा मोठा अर्ज सोपा जातो.

कलाकाराला व्यक्ती म्हणून अनुदान देणाऱ्या संस्था देशात कमी आहेत. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स त्यातली महत्त्वाची. तिचा ‘कली-कलिसू’ हा कलाशिक्षणाचा कार्यक्रम कर्नाटकातल्या सरकारी शाळांसाठी आहे. बेळगाव-निपाणी भागातल्या मराठी कलाकारांनी आणि कलाशिक्षकांनी तो जरूर पाहावा. पण तिथे नुसतं रंगकाम मागू नका. मुलांबरोबर काय शिकणार, काय शोधणार, हे सांगावं लागतं.

विषय मुलांकडून घ्या

‘बोलक्या भिंती’ म्हटलं की फळांची नावं, पाढे, आठवड्याचे वार आणि एखादं कार्टून, असं ठरूनच गेलंय. त्यातलं पाठ्यपुस्तकाचं चित्र उपयोगी पडत नाही असं नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना सोलापूरच्या नीलमनगरमध्ये घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले आणि ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता ती मुलं वस्तीत फिरत शिकली. तिथे गरज स्पष्ट होती, म्हणून चित्रही नेमकं होतं. तुमच्या भिंतीची गरज काय, हे शोधायला मुलांबरोबर दोन तास बसा. गावातलं सगळ्यात जुनं झाड कुठलं, घरून शाळेत येताना काय काय लागतं, पावसाळ्यात कुठल्या ओढ्याला पाणी येतं, असे प्रश्न विचारा आणि त्यांना काढू द्या. मुलांची ही कच्ची चित्रं जपून ठेवा. ती अर्जाला जोडायची आहेत.

वारली शैली सगळ्यांना हवी असते. गेरूवर पांढऱ्या रेषांची माणसं काढली की झाली वारली, असं समजून ती काढू नका. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती या कलेच्या जिवंत परंपरेची दखल होती, आणि वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. वारलीच हवी असेल तर डहाणू-तलासरी-जव्हारकडच्या वारली कलाकारांना बोलवा, त्यांचं मानधन आणि प्रवासखर्च अंदाजपत्रकात धरा, आणि भिंतीवर त्यांचं नाव लिहा.

प्रस्ताव कसा लिहायचा

दोन पानं पुरतात. नव्या कलाकारांच्या प्रस्तावात मला बहुधा असं वाक्य दिसतं: ‘सदर भित्तिचित्राद्वारे विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास होऊन शाळेचा परिसर सुशोभित होईल.’ हे कुठल्याही शाळेबद्दल लिहिता येतं, म्हणून वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘शाळेची पूर्वेकडची कुंपणभिंत ६० फूट लांब आणि ८ फूट उंच आहे. १४२ मुलं रोज याच भिंतीलगत रांगेने फाटकातून आत येतात. भिंतीच्या खालच्या भागात ओल आहे. पन्हळीची दुरुस्ती शाळा करून घेणार आहे. तिसरी-चौथीच्या मुलांनी घर ते शाळा या वाटेची ३७ चित्रं काढली आहेत आणि त्यांतूनच ही रचना केली आहे. काम दिवाळीच्या सुट्टीत १२ दिवसांत होईल. पुढची पाच वर्षं देखभाल शाळा व्यवस्थापन समिती करेल. तसा ठराव जोडला आहे.’

आकडे अर्थातच तुमच्या शाळेचे घाला. प्रत्येक वाक्यात काहीतरी मोजता किंवा तपासता येण्यासारखं हवं, एवढंच. सोबत भिंतीचे आजचे फोटो, स्केच, ठराव, ना हरकत पत्र, मालकीचा उतारा, मुलांची तीन-चार चित्रं, तुमच्या आधीच्या कामाचे फोटो आणि पॅनची प्रत जोडा. आधीचं काम नसेल तर खोटं दाखवू नका. घराच्या, ओळखीतल्या दुकानाच्या भिंतीवर एक लहान चित्र काढा आणि तेच जोडा. फोटोत मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांची लेखी संमती हवी.

अंदाजपत्रक

वरचीच भिंत घेऊ. ६० गुणिले ८ म्हणजे ४८० चौरस फूट. बाहेरच्या भिंतीच्या चांगल्या इमल्शनचे दोन हात मारायला एका लिटरमध्ये साधारण ५० ते ६० चौरस फूट होतात, म्हणजे नुसत्या पार्श्वभूमीला १० लिटरचा डबा. भिंत खरबरीत असेल तर ती जास्त पिते. त्याखाली एक हात प्रायमर, त्याआधी भेगांना पुट्टी. चित्राच्या रंगांत लाल आणि पिवळा विचार करून घ्या: भडक लाल-पिवळे पश्चिमेच्या उन्हात आधी विटतात, तर गेरू आणि पिवळ्या मातीच्या जातीचे, लोहाच्या ऑक्साइडचे रंग वर्षानुवर्षं टिकतात. दुकानदाराला बाहेरच्या भिंतीवर टिकणारी छटा मागा आणि छटेचा क्रमांक लिहून ठेवा.

यापुढे ब्रश, रोलर, चिकटपट्टी, परांचीचं भाडं, वाहतूक, मदतनिसांची मजुरी, चहा-जेवण, मुलांच्या कार्यशाळेचं साहित्य, आणि तुमचं मानधन. मानधन लिहायला लाजू नका. ते शून्य लिहिलं की काम फुकट होतं असा समज पक्का होतो, आणि मागून येणाऱ्या कलाकाराची पंचाईत होते. दिवस मोजा, दिवसाचा दर लावा, स्केच आणि बैठकांचे दिवसही धरा. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतला जाणारा आयकर, कापला जाईल हे लक्षात ठेवा. शेवटी आठ-दहा टक्के देखभालीसाठी वेगळे ठेवा. रंगाची आणि परांचीची कोटेशनं किमान तीन दुकानांची, तारखेसह, छापील लेटरहेडवर घ्या.

करार, सहीआधी

मंजुरीचं पत्र आलं की आनंदात लगेच सही करू नका. दोन गोष्टी लिहून घ्या. एक, पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्यानुसार करून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो. तुम्हाला तो स्वतःकडे हवा असेल तर तसं वाक्य करारात हवं. दोन, चित्र पुढे पुसायचं किंवा भिंत पाडायची झाली तर आधी कळवलं जाईल, असं कलम. आपल्या कलाकृतीची मोडतोड होऊ न देण्याचा कलाकाराचा नैतिक हक्क याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प काढून गोदामात टाकलं गेलं, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. इतकी लढाई आपल्यावर येऊ नये म्हणून ते एक कलम आधीच लिहायचं.

रक्कम हप्त्यांत येते. पहिला हप्ता साहित्याला पुरेल एवढा हवा, हेही बोलून घ्या.

काम आणि हिशेब

पावसाळ्यात बाहेरचं काम धरू नका. दिवाळीची सुट्टी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच सुकतो, तेव्हा सकाळी सहा ते दहाच काम करा. मुलांना रंगवायला द्यायचं तर जमिनीवर उभं राहून हात पोहोचेल तेवढ्याच उंचीपर्यंत, पाण्यात मिसळणाऱ्या रंगात, आणि शिक्षक सोबत असताना. परांचीवर एकही मूल चढता कामा नये.

रोज त्याच जागेवरून एक फोटो काढा. सगळी बिलं जीएसटी क्रमांकासह, शाळेच्या किंवा संस्थेच्या नावाने घ्या. साध्या चिठ्ठ्या लेखापरीक्षणात चालत नाहीत. काम संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले असं सांगणारं), खर्चाचा तक्ता, आधीचे-नंतरचे फोटो आणि मुख्याध्यापकांचं काम पूर्ण झाल्याचं पत्र एकत्र द्या. शेवटचा हप्ता याच गठ्ठ्यावर अडतो, म्हणून तो पंधरा दिवसांच्या आत द्या.

उरलेले रंग घरी नेऊ नका. डब्यांची झाकणं घट्ट बसवा, प्रत्येकावर छटेचा क्रमांक आणि ‘हत्तीचा कान’, ‘ओढ्याचं पाणी’ असं कुठे वापरलाय ते लिहा, आणि ते शाळेच्या कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. पहिला पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, एक ब्रश घेऊन परत जा. खालच्या पट्ट्यावर पोपडे निघालेत का ते तळहात फिरवून बघा आणि असतील तिथे हात मारून या.